मधला उतारू

मराठीत नवे शब्द घडवण्याचे काम आता कोशकार किंवा साहित्यिक यांच्याहून रस्त्यावरची माणसेच अधिक करीत असावीत. राहुरी सोडून शनिशिंगणापूरच्या वाटेला लागले की 'लटकू' हा असाच एक शब्द भेटतो. बाहेरगावच्या भाविकांच्या गाडीला कधी खरोखरच लटकून, कधी मोटारसायकलवरून तिचा पाठलाग करून, तिला अमुक एका पूजासाहित्याच्या दुकानासमोर नेऊन उभी करणारा जो तरुण, तो लटकू. नगर जिल्ह्यातल्या बातम्यांत हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. व्याकरणाच्या दृष्टीने त्याची घडण अस्सल मराठी आहे. धातूला 'ऊ' लागून झालेले नाम. अशाच धाटणीचा एक जुना शब्द आपल्याकडे होता, तो आता फारसा कानांवर येत नाही. तो म्हणजे 'उतारू'. 'प्रवासी' आणि 'पॅसेंजर' यांनी त्याला मागे सारले. प्रवाशाची ओळख त्याच्या उतरण्यावरून करून देणारा हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटत आला आहे, कारण शिंगणापूरच्या रस्त्यावर माणसाची किंमत तो कुठे उतरणार यावरूनच ठरते.

माझे आजोळ सोनईजवळच्या एका वस्तीवर. राहुरीला उतरायचे आणि तिथून आत, उंबरे, ब्राह्मणी या गावांवरून सोनईकडे जायचे, हा गेल्या कित्येक वर्षांचा माझा परिपाठ आहे. सोनईपासून शिंगणापूर अवघे पाच-सहा किलोमीटर. शिर्डीला आलेले भाविक राहाता, बाभळेश्वर, कोल्हार, राहुरी करीत याच रस्त्याने शनिदर्शनाला जातात. शिर्डी ते शिंगणापूर हे अंतर सुमारे ७० किलोमीटरचे, आणि त्या अंतरावर जीप, सुमो, क्रूझर अशा गाड्यांची दिवसभर वर्दळ असते. शनिवारी ती वाढते आणि शनी अमावास्येला तर रस्ता ओलांडणेही कठीण होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की या गावांइतकी वाहनांची सोय क्वचितच कुठे असेल. दर पाच मिनिटांनी दारावरून गाडी जाते. ती आपल्यासाठी थांबत नाही, ही गोष्ट तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

राहुरीत उतरल्यावर माझ्या बाबतीत एक गंमत नेहमी घडते. खांद्यावरची बॅग आणि पुण्याकडचे कपडे पाहून जीपवाला पुढे येतो, हातातली बॅग घेऊ पाहतो, हिंदीत 'शिंगणापूर, शिंगणापूर' असा पुकारा करतो, पुढच्या सीटवरचा फडका उचलून जागा झटकतो. मी मराठीत 'सोनई' एवढेच म्हणतो. त्या तीन अक्षरांसरशी फडका पुन्हा सीटवर पडतो आणि त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, पुढच्या माणसाकडे जाते. माझे कपडे तेच असतात, खिशातले पैसेही तेच असतात. बदललेले असते ते केवळ उतरण्याचे ठिकाण. ही गंमत मला परवडते, कारण ती वर्षातून पाच-सहा वेळाच वाट्याला येते. ज्यांना ती रोज सोसावी लागते त्यांना तिच्यात गंमत दिसत असेल असे वाटत नाही.

माझ्या मामींचेच उदाहरण घेऊ. त्यांना मधुमेह आहे आणि महिन्यातून एकदा राहुरीच्या दवाखान्यात जावे लागते. मागच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर होतो. वार नेमका शनिवार. सोनईच्या रस्त्यावर आम्ही उभे राहिलो. शिंगणापूरहून परतणाऱ्या तीन गाड्या हात दाखवूनही निघून गेल्या. चौथी मंदावली, पूर्ण थांबली नाही. चालकाने खिडकीतून विचारले, "कुठं उतरायचं, मावशी?"

"राहुरीला."

"मग मागची घ्या. ही शिर्डीची हाये."

"राहुरीवरनंच जाती ना रं बाबा शिर्डीला?"

"जाती, पण थांबत नाय."

पाचव्या गाडीने आम्हांला घेतले. मधल्या ओळीत दोन जागा होत्या, तिथे आम्ही बसलो. ब्राह्मणीच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक मोटार बंद पडून उभी होती. तिच्यातल्या परप्रांतीय कुटुंबाला शिर्डी गाठायची होती. आमचा चालक थांबला. उतरून त्यांच्याशी बोलला, भाडे ठरवले, आणि मग दार उघडून अगदी नम्रपणे म्हणाला, "मावशी, जरा मागं बसा ना. पावणे लांबचे हायेत." मामी उठल्या. औषधांच्या चिठ्ठ्यांची पिशवी छातीशी धरून मागच्या आडव्या बाकड्यावर जाऊन बसल्या, जिथे आधीच चारजण होते. राहुरी येईपर्यंत त्यांचे गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना लागत राहिले. उतरताना चालकाने दोघांचे मिळून जे पैसे मागितले ते राहुरीचे नव्हते. मी विचारले, तर म्हणाला, "साहेब, राहुरीपर्यंत बसला, पण शिर्डीचं सीट अडवलंत ना तुम्ही."

मामींनी काही न बोलता पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले. मला राग आला होता. त्यांना आला नव्हता. निदान दिसला तरी नाही. दवाखान्याकडे चालताना एवढेच म्हणाल्या, "त्याचंबी खरंय. आमचं काय, आम्ही रोजचेच." या 'रोजचेच' शब्दाने मला त्या दिवसापासून स्वस्थ बसू दिलेले नाही. जगातल्या कोणत्याही धंद्यात रोजचे गिऱ्हाईक हे पहिल्या मानाचे असते. किराणा दुकानदार त्याला उधार देतो, चहावाला न सांगता साखर कमी घालतो. या एका रस्त्यावर मात्र रोजचे असणे हाच माणसाचा उणेपणा ठरावा, असे का?

चालकाचे गणित समजून घेणे भाग आहे, नाहीतर हे सारे केवळ तक्रारीच्या पातळीवर राहील. समजा, गाडीत दहा माणसे बसतात. दहाही शेवटपर्यंत जाणारी मिळाली तर फेरी भरली. त्यातल्या दोघांनी निम्म्याहून कमी अंतरावर उतरायचे म्हटले, तर पुढच्या प्रवासात त्या दोन जागा रिकाम्या जाणार. वाटेत कुणी मिळेल याची शाश्वती नाही. गाडीचा हप्ता, डिझेल, विमा आणि स्टँडवर नंबर लागण्याची ताटकळ हे सारे त्याच फेरीतून निघायचे असते. त्यातून शिंगणापूरची खास बाब अशी की भाविक नुसता भाडे देत नाही. तो तेल घेतो, काळे वस्त्र घेतो, रुईच्या पानांची माळ घेतो, पूजेचे ताट घेतो. आणि ज्या दुकानापुढे गाडी उभी राहते तिथून गाडी आणणाऱ्यालाही काही वाटा मिळतो, हे त्या रस्त्यावर कुणी लपवून ठेवत नाही. सोनईच्या बाईला तेल विकता येत नाही. तिच्या घरी तेल आहे, आणि शनिदेव तर तिच्या शेजारचाच आहे. सारांश, भाविकाची जागा ही भाडे अधिक वाटा एवढ्या मोलाची, आणि गाववाल्याची केवळ भाड्याची, तेही अर्ध्यामुर्ध्या. दोघांच्या अंगाखाली रेक्झिनचा तोच तुकडा असला तरी हिशेबाच्या वहीत त्या दोन निराळ्या वस्तू आहेत.

यावरून भाविकाला चांगली वागणूक मिळते असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. त्याला पुढची सीट मिळते, 'साहब' ही उपाधी मिळते. आणि मग अनोळखी भाषेच्या गावात, दर न विचारता घेतलेल्या ताटाचे बिल हातात पडते तेव्हा त्या आदराची किंमत त्याला समजते. शिंगणापुरात भाविकांची होणारी अडवणूक हा वृत्तपत्रांचा जुना विषय आहे. म्हणजे एकाच व्यवहाराने दोघे नाडले जातात. एकाकडून पैसा घेतला जातो आणि दुसऱ्याकडून वेळ. भाविकाची तक्रार निदान नोंदली जाते, कारण पैशाला पावती असते आणि देवस्थानाच्या लौकिकाची काळजी सर्वांना असते. सोनईच्या रस्त्यावर उन्हात गेलेल्या दीड तासाची पावती कुठे मिळते? ती नसल्यामुळे ही गोष्ट अन्याय म्हणून कुणाच्या ध्यानातच येत नाही. ज्यांच्यावर तो होतो त्यांच्याही नाही.

कायद्याच्या पुस्तकात या दोन प्रवाशांचा भेद मोठ्या स्वच्छ शब्दांत सापडतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने भाड्याच्या प्रवासी गाड्यांचे दोन प्रकार कल्पिले आहेत. एक कंत्राटी गाडी: ती संपूर्ण गाडी म्हणून ठरवली जाते, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, आणि करारात नसलेल्या कुणालाही वाटेत घेऊ-उतरवू शकत नाही. दुसरी टप्पा वाहतुकीची गाडी: तिच्यात प्रत्येकाचे भाडे स्वतंत्र असते आणि ते सबंध प्रवासाचे किंवा त्यातल्या एखाद्या टप्प्याचे असू शकते. साहित्याच्या विद्यार्थ्याने कायद्याच्या व्याख्या जरूर वाचाव्यात, कारण त्यांत समाजाची दोन चित्रे दडलेली असतात. पहिल्या व्याख्येतल्या रस्त्याला दोनच टोके आहेत. मध्ये गावे नाहीत, माणसे नाहीत, हात दाखवून उभी असलेली कुणी बाई नाही. दुसऱ्या व्याख्येतला रस्ता हा मधल्या गावांचाच बनलेला आहे. एखादी टुरिस्ट परवान्याची गाडी सीटवार भाडे घेऊन धावू लागते तेव्हा ती कागदावर पहिल्या चित्रात असते आणि रस्त्यावर दुसऱ्या. सोयीनुसार ती या चित्रातून त्या चित्रात ये-जा करते: पैसे घेताना टप्प्याची, थांबायची वेळ आली की कंत्राटी. कंत्राटी गाडीने बेकायदा नकार दिला तर दंडाची तरतूद याच कायद्यात आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने चारचाकीसाठी त्याची कमाल रक्कम दोनशेवरून पाचशे रुपये झाली. पण तिचा उपयोग करून घ्यायचा तर मामींना आधी अख्खी जीप भाड्याने ठरवावी लागेल!

टप्प्याचे महत्त्व महाराष्ट्राला कळले नव्हते असे नाही. उलट ते कळल्याची पहिली खूण नगर जिल्ह्याच्याच नावावर आहे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी धावली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावे एसटीच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. त्या गाडीबरोबर जी कल्पना रस्त्यावर आली तिचे मोल आपण अजून नीट ओळखलेले नाही. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यांनी मोजले जाते. एका टप्प्याचे तिकीट घेणारा आणि वीस टप्प्यांचे घेणारा, दोघांच्या हातांत एकाच प्रकारचा कागद येतो. ज्याने तिकीट घेतले त्याला 'पावणे आलेत, मागे जा' असे वाहक सांगू शकत नाही. दोन टप्प्यांच्या म्हातारीसाठीही घंटी तेवढीच वाजते आणि गाडी तेवढीच थांबते. 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही तर एसटीने जाहीर केलेली योजनाच होती. पु. ल. देशपांडे यांची 'म्हैस' आपण हसत वाचतो, पण त्या विनोदाला आधार आहे तो एसटीतल्या समतेचा. तऱ्हेतऱ्हेचे प्रवासी एका म्हशीपायी सारखेच अडकतात. कुणाच्याही थोरवीमुळे गाडी आधी सुटत नाही. जीपवर मराठीत अशी कथा का लिहिली गेली नाही, असा प्रश्न मला पडतो. तिच्यात कदाचित सगळे एकत्र अडकणे शक्यच नसावे. म्हैस आडवी आली तर लांबच्या पाहुण्यांना दुसऱ्या गाडीत बसवून दिले जाईल आणि उरलेले चालू लागतील.

भाड्याच्या वाहनात कुणाला घ्यायचे हा अधिकार वाहनवाल्याच्या मर्जीवर सोडला की काय होते, याचे याहून कितीतरी जळजळीत दाखले या महाराष्ट्रात आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत १९०१ सालचा प्रसंग सांगितला आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरली. जात समजताच कोणताही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बरोबर चालायचे या अटीवर. पुढे १९२९ साली, सरकारी समितीचे सदस्य म्हणून फिरत असताना, चाळीसगावला टांगेवाल्याने त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या एकाने सवय नसताना तो हाकला आणि झालेल्या अपघातात बाबासाहेब जखमी झाले. त्या अपमानाच्या पंक्तीला सोनईच्या रस्त्यावरची गैरसोय मी बसवत नाही. तसे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. मसूरला नकार माणसाच्या माणूसपणाला होता, इथे तो त्याच्या उतरण्याच्या ठिकाणाला आहे. तरीही त्या आठवणींतून एक धडा निघतो. पैसे देऊ करूनही नाकारले जाण्याची शक्यता जिथे असते तिथे प्रवास हा हक्क राहत नाही, ती कुणाची तरी कृपा होते. आणि कृपेवर चालणारी व्यवस्था दुबळ्याकडून नेहमीच जास्त भाडे घेते. एसटीचे तिकीट माणसाला नाव, गाव, जात विचारीत नाही, हे त्या कागदाचे ऐतिहासिक काम आहे.

गेल्या काही वर्षांत या परिसरात दूरच्या प्रवाशासाठी काय काय झाले, याची यादी करून पाहावी. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडीला शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईहून साईनगर शिर्डीला वंदे भारत धावू लागली. यांतली कोणतीही गोष्ट वाईट नाही. मीही त्या महामार्गाने गेलो आहे. पण याच काळात, २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा आतल्या गावांची जी दैना झाली तिची कथा कुणी लिहिली नाही. ज्या रस्त्यावर एसटी नव्हती तिथे जीपवाला सांगेल तो दर आणि जीपवाला देईल ती जागा असा शिरस्ता पडला. एकदा पडलेला शिरस्ता संप मिटल्यावर मिटत नाही. मुंबई ते शिर्डीची वेळ तासांनी घटली. सोनई ते राहुरीची वेळ अजून कुणी मोजलेलीच नाही.

शिंगणापूर जगाला ठाऊक आहे ते दोन गोष्टींसाठी, आणि दोन्ही गोष्टी आत येण्याविषयीच्या आहेत. पहिली, बिनदारांची घरे. इथे चोरी होत नाही या श्रद्धेपोटी घरांना दारे-कुलपे लावायची नाहीत अशी रीत. २०११ साली युको बँकेने इथे शाखा काढली तेव्हा कुलूप नसलेली बँक म्हणून तिचे देशभर कौतुक झाले. दुसरी गोष्ट चौथऱ्याची. स्त्रियांना चौथऱ्यावर प्रवेश नव्हता. २६ जानेवारी २०१६ रोजी त्यासाठी निघालेल्या भूमाता ब्रिगेडच्या स्त्रियांना पोलिसांनी सुप्याजवळ अडवले. पुढे उच्च न्यायालयाने त्यांचा हक्क स्पष्ट केला आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला. त्या दिवशी मामींनी दूरदर्शनवर ती बातमी पाहिली. पुढे त्या दर्शनाला गेल्या का, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "जायचं म्हंजी गाडी पायजे ना." चौथऱ्यावर चढण्याचा हक्क न्यायालयातून मिळवता आला. तिथवर नेणाऱ्या गाडीत बसण्याचा हक्क कुणाकडे मागायचा, हे त्यांना कुणी सांगू शकलेले नाही. घरांना दारे नसलेल्या या गावाच्या वाटेवर दार आहे ते जीपला, आणि ते माणूस पाहून उघडते.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा की चालक हाही याच मातीतला गरीब माणूस आहे. त्याच्या पोटावर पाय देऊन काय साधणार? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच या लेखाचा रोख त्याच्यावर नाही. ज्याचे उत्पन्न फेरीवर अवलंबून आहे त्याच्याकडून सार्वजनिक सेवेचे औदार्य अपेक्षिणे हे आपल्या जबाबदारीचे ओझे त्याच्या डोक्यावर ठेवणे आहे. दुसरा आक्षेप संस्कृतीचा: अतिथी देव असतो, त्याला आधी जागा दिली तर बिघडले कुठे? बिघडले ते येथे, की ही जागा चालकाने आपली दिली नव्हती, मामींची दिली होती. आणि दिल्याबद्दल भाडे स्वतः घेतले होते. स्वतः उठून जागा देणे हे आतिथ्य. दुसऱ्याला उठवून तिची जागा विकणे या व्यवहाराला दुसरे नाव शोधावे लागेल. गोव्यातही हेच दिसते. २०१८ साली तिथे 'गोवामाइल्स' हे ॲप आले तेव्हापासून टॅक्सीवर अखंड वाद चालू आहे, पण त्या वादात बोलतात ते टॅक्सीवाले, सरकार आणि पर्यटक. म्हापशाहून आतल्या वाड्यावर संध्याकाळी घरी जाणाऱ्या माणसाचे म्हणणे त्यात क्वचितच ऐकू येते. पर्यटनाचे गाव झाले की गावचा माणूस आपल्याच रस्त्यावर आगंतुक होतो.

उपाय फार मोठे नाहीत, आणि ते सुचवताना मला संकोचही वाटत नाही. राहुरी, सोनई, शिंगणापूर आणि घोडेगाव एवढ्याच पट्ट्यात टप्प्याने थांबणाऱ्या एसटीच्या छोट्या गाड्या ठरल्या वेळी धावल्या पाहिजेत. शनिवारी अधिक, आणि घोडेगावच्या जनावरांच्या बाजारामुळे शुक्रवारीही. सीटवार चालणाऱ्या जीपगाड्या जर चालणारच असतील, तर त्यांना उघडपणे टप्प्याचा परवाना द्यावा, टप्पावार दर स्टँडवर रंगवून लावावेत, आणि प्रत्येक फेरीत दोन-तीन जागा मधल्या उतारूंसाठी राखाव्यात. भाविकांच्या सोयीवर खर्च करणाऱ्या देवस्थानाने आसपासच्या गावांसाठी एखादी गाडी चालवली, तर देवाला ते तेलाइतकेच आवडावे. यांतून चालकाचे नुकसान होईल तेवढे भरून काढण्याची वाटही निघू शकते. पण आधी ते नुकसान आहे हे मान्य करून त्याचा हिशेब कुणीतरी मांडला पाहिजे. आज तो हिशेब मामींच्या पदराच्या गाठीतून परस्पर भागवला जातो.

असो. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ते मुळीच नाही. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत पास मिळतो, आणि २०२४ साली अवघ्या जिल्ह्यालाच ते नाव मिळाले. शाळा सुटण्याच्या वेळी त्या रस्त्यावर उभे राहिले तर पास गळ्यात अडकवलेल्या मुली घोळक्याने उभ्या दिसतात. समोरून एकामागून एक गाड्या जात असतात, काचांवर दूरदूरच्या राज्यांची नावे, आत झोपलेली माणसे. मुली त्यांना हात दाखवत नाहीत. त्यांना ठाऊक आहे की त्यांच्या पासावर जे लिहिले आहे ते वाचणारी गाडी एकच आहे, आणि ती अजून यायची आहे.